विल्बेर्तचे गुडघे

तिशकोकोब, १२ फेब्रुवारी

लांदी,

वर काय मायना घालावा या विचारात माझी अर्धी सकाळ गेली. मेरिदाच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर आसुन्सिओननी आम्हांला बिशपला, न्यायाधीशाला आणि नुकत्याच विधवा झालेल्या बाईला पत्र कसं लिहायचं ते शिकवलं होतं. नवऱ्याला सोडून गेलेल्या भावजयीचा मायना शिकवायचा राहून गेला. तेव्हा नुसतं नाव लिहिलंय, त्यावर भागव.

फोन मी करणार नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू तो ठेवून देतेस. पत्र ठेवून दिलंस तरी घरातच राहील.

विल्बेर्त जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण तिकडे तुझ्या प्रोग्रेसोपर्यंत बातमी पोचताना लोकांनी त्याचं काय केलं असेल देव जाणे. नाताळानंतर त्याला ताप आला. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाचा केक कापला त्या दिवशी श्वास लागला आणि मेरिदाच्या मोठ्या हॉस्पिटलात नेईपर्यंत ओठ निळे झाले होते. न्यूमोनिया. घशात नळी घालून, झोपवून, यंत्राने श्वास दिला. जवळजवळ सगळा जानेवारी तो तसा होता. मला काचेतून बघू देत. मी काचेबाहेर उभी राहून जपमाळ ओढायची आणि एक पोरसवदा नर्स मला म्हणायची, "आजी, बसा ना." आजी! माझं लग्न झालेलं नाही हे तिला दिसत नव्हतं का?

तुला तेव्हा कळवलं नाही. का नाही, हे तुला ठाऊक आहे.

आता तो घरी आहे. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं छान भरून आली. मी म्हटलं, "मग बाकीचा माणूस कुठे ठेवलात?" कारण त्यांनी परत दिला तो विल्बेर्त नव्हता. दुकानातल्या निजायच्या झोळ्यांचे गठ्ठे खांद्यावर टाकून गाडीत भरणारा माझा भाऊ आता चमचा उचलू शकत नाही. मान धरत नाही. पोटऱ्या माझ्या मनगटाएवढ्या. आवाज घोगरा, अर्धा शब्द झाला की दम लागतो. डॉक्टर म्हणतात, यंत्रावर पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू असेच झडतात. हळूहळू येतील, पण व्यायाम करून घ्यावा लागेल. जाताना हातात एक छापील कागद दिला. त्यावर पलंगावर निजलेला एक गोरा माणूस काढलाय, आनंदात.

घरी काही कमी नाही. मी त्याला भरवते. लिंबाचं सार, गाळलेला काळा वाल, चायाचा पाला घातलेली अंडी. पुसते, कूस वळवते, दाढी करते. त्याला बोटसुद्धा हलवावं लागत नाही. त्याच्या जुन्या खोलीत, त्याच्या जुन्या झोळीत, खिडकीजवळ. गुडघ्यांखाली मऊ उशी दिली की त्याला बरं वाटतं.

मी तुला बोलावत नाही, फक्त कळवते आहे. आणि तू विचारायच्या आधी सांगते: नाही, तो तुझं नाव काढत नाही.

नेल्दा

—

तिशकोकोब, ४ मार्च

लांदी,

दुकानातल्या गोन्सालोने तिकडे झोळ्यांची गाडी रिकामी करून येताना तुझी चिठ्ठी आणली. "तो मला बोलावतोय का" एवढंच लिहायला तुला तुझ्या हेअर सलूनची वही फाडावी लागली? उत्तर मी मागच्या पत्रात दिलंय. तू पाठवलेलं तेल त्याच्या पायांना लावते. वास चांगला आहे.

सरकारी केंद्रातून आता आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट येतो. एवारिस्तो त्रेविन्यो. मॉन्तेरेचा, म्हणजे पार उत्तरेचा. उंच, सुक्या गोमांसासारखा कडक, आणि आवाज असा की कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "काय सेन्योरा, पेशंट कुठाय?"

"सेन्योरा नाही, कुमारी. सेन्योरीता," मी म्हटलं.

"अजून? मग आशा आहे!" आणि स्वतःच हसला. सांग बरं, असल्या माणसाला मी घरात घेते यापेक्षा आणखी काय करू विल्बेर्तसाठी?

त्याला विल्बेर्त नेहमी खुर्चीत सापडतो. सकाळी तो यायच्या आत मी आणि गोन्सालो विल्बेर्तला उचलून मोठ्या वेताच्या खुर्चीत बसवतो, त्याचे केस विंचरतो, झोळी गुंडाळून भिंतीच्या आकड्याला अडकवतो. पाहुण्याच्या डोळ्यांपुढे अंथरूण लोंबतं ठेवायला आपण काही जनावरं नाही. मग त्रेविन्यो त्याचे हात वर करतो, खाली करतो, "ढकल मला, ढकल, बायकोला ढकलतोस तसा!" म्हणतो. (विल्बेर्त हसला. मी नाही.) मला म्हणाला, चमचा त्याच्या हातात द्या. मी म्हटलं, सांडतो. म्हणे, "सांडू दे. फरशी कुणाच्या बापाची?" माझ्या बापाची. आणि वर सांगायला लागला की भरवणं बंद करा. त्या दिवशी विल्बेर्तने वाल स्वतः खायचा प्रयत्न केला. निम्मा सदऱ्यावर. हात थरथरत होता आणि तो माझ्याकडे बघत होता, लहानपणी बघायचा तसा. त्रेविन्यो गेल्यावर मी वाटी काढून घेतली आणि भरवलं. तेव्हा कुठे त्याच्या पोटात काही गेलं.

एक गोष्ट मात्र त्रेविन्योला कळत नाही म्हणतो. विल्बेर्तचे हात सुधारताहेत. मान धरली. पण गुडघे दर वेळी आधीपेक्षा आखडलेले मिळतात. सरळ करायला गेलं की विल्बेर्त ओरडतो. त्रेविन्यो खाली बसून ते गुडघे दोन्ही हातांत धरून बघत राहतो, सुतार वाकलेली फळी बघतो तसा. मला विचारलं, "पडलेला असतो तेव्हा पाय सरळ ठेवता ना?"

"ठेवते," मी म्हटलं.

"अंगाखाली सपाट?"

"अर्थात."

जाताना म्हणाला, "नीट ऐका. हे गुडघे असेच आखडत राहिले तर ताकद आली तरी तो उभा राहू शकणार नाही. वाकलेल्या पायांवर कुणी उभं राहत नाही. मग खुर्ची. कायमची." असं बोलतात का आजाऱ्यासमोर? विल्बेर्त खिडकीकडे बघत होता. मी त्या माणसाला फाटकापर्यंतसुद्धा सोडायला गेले नाही.

दुकान मी बघते. तू काळजी करू नकोस. तशी तू करत नाहीसच.

नेल्दा

—

तिशकोकोब, २९ मार्च

लांदी,

आज मी तुझ्याशी भांडायला लिहीत नाही, याची नोंद घे.

मंगळवारी त्रेविन्यो सकाळी आलाच नाही. त्याची मोटारसायकल बिघडली होती. आला तो भर दुपारी, जेवण होऊन सगळं गाव निजलेलं असतं त्या वेळी. मी माझ्या खोलीत डुलकी काढत होते. दार उघडंच. तो सरळ आत गेला. मी ऐकलं, तो विल्बेर्तच्या दारात थांबला आणि म्हणाला, "अरे, हा माणूस आहे की केळं?"

विल्बेर्त हसला. मग कुणीच हसेना. मी उठून गेले.

विल्बेर्त झोळीत होता. पाठ वाकलेली, कुल्ले खाली, गुडघे वर, त्यांच्याखाली माझी उशी, हनुवटी छातीवर. त्रेविन्योचा आवाज इतका हळू मी आधी ऐकला नव्हता.

"हा यात निजतो?"

"मग कशात निजणार?"

"हे किती दिवस चाललंय?"

"जन्मल्यापासून," मी म्हटलं.

तो माझ्याकडे वळला. "बाई, मी तुम्हांला विचारलं होतं, सपाट निजतो का म्हणून."

"आणि मी सांगितलं, हो. झोळीत नीट निजलं तर माणूस अगदी सपाट निजतो. तुम्ही उत्तरेचे, तुम्हांला काय कळणार?"

"दाखवा."

मी म्हटलं, तुम्हीच बसा. तो बसला, पाय वर घेतले आणि सरळ उलटून फरशीवर पडला, टोपीसकट. विल्बेर्तला खोकल्याची उबळ येईपर्यंत हसू आलं. मग मी दुसरी झोळी बांधली आणि वयाच्या सत्तरीत एका परक्या माणसासमोर तीत पडून दाखवलं, तुझी शपथ. लांब नाही, तिरपं पडायचं. डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला, की जाळी उघडते, ताणली जाते आणि फळीसारखी सपाट होते. आपण सगळे असेच निजतो. कुणी शिकवत नाही, पोटात असल्यापासून येतं.

त्रेविन्यो माझ्याजवळ वाकला. "मस्त. आता त्याला सांगा असं पडायला."

मी विल्बेर्तला सांगितलं, "विल, तिरपा हो ना."

त्याने टाच रोवायचा प्रयत्न केला. खांदा सरकवायचा प्रयत्न केला. हलला नाही. जाळी त्याला मधोमध ओढत होती, खाली, पोत्यासारखी. तिरपं पडायला कंबरेत जोर लागतो, लांदी. हे मला सत्तर वर्षांत कळलं नाही, कारण तो जोर माझ्यापाशी कायम होता.

त्या झोळीत मी त्याला रोज घातलं आहे. त्याच्यावर चादर ओढली आहे. पण कसा पडलाय ते कधी पाहिलं नाही. झोळीत निजलेल्या माणसाकडे आपल्याकडे कुणी टक लावून बघत नाही, तुला माहीत आहे. दोन्ही काठ वर ओढून झाकून घेतो, तेवढाच त्याचा आडोसा.

मला वाटलं त्रेविन्यो ओरडेल. तो फरशीवरच बसला आणि म्हणाला, "चूक माझी. हा कुठे निजतो, हे मी विचारायला हवं होतं. आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही."

"आमच्याकडेही नाही," मी म्हटलं.

उशीबद्दल मी त्याला काही सांगितलं नव्हतं. त्याने ती काढली, हातात धरली आणि काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं.

आता पलंग आणायचा आहे.

नेल्दा

—

तिशकोकोब, १८ एप्रिल

लांदी,

तू चिठ्ठीत विचारतेस, पलंग आणला का. आणला. आपल्या अख्ख्या गल्लीत पलंग नव्हता. गोन्सालोने बंद पडलेल्या खाजगी दवाखान्यातून एक लोखंडी पलंग मिळवला आणि भर रस्त्यातून चौघांनी तो वाहून आणला. पांढरा पलंग घरात जाताना दिसला, तर शेजारच्या बायका काय समजल्या असतील? तासाभरात दोन्या मिल्द्रेद काळा पोशाख घालून, जपमाळ घेऊन, डोळे पुसत आली, मागे आणखी तिघी. मी म्हटलं, "तो जिवंत आहे. बसा, पण प्रार्थना सुरू करू नका." तरी त्यांनी कॉफी घेतलीच. विल्बेर्त आतून ओरडला, "माझ्या वाटचा पावसुद्धा खाताहेत का?" मला वाटतं, आजारपणानंतर तो पहिल्यांदा स्वतःसारखा बोलला.

तेवढंच हसण्यासारखं होतं. आता बाकीचं.

पलंगावर त्याला पालथं निजवायचं. टाचेवर वाळूची पिशवी. सकाळ-संध्याकाळ कुणीतरी मांडीवर एक हात आणि पोटरीवर एक हात ठेवून गुडघा दाबायचा, हळूहळू, तो ओरडायला लागल्यावरसुद्धा. विशेषतः तो ओरडायला लागल्यावर, असं त्रेविन्यो म्हणतो. तो स्वतः आठवड्यातून दोनदा येतो, त्याने भागत नाही. रोज हवं. घरातल्या माणसाने करायला हवं. त्याने मला शिकवलं. माझ्या हातांवर हात ठेवून दाखवलं, किती जोर, कुठे थांबायचं. मी सगळं समजले. मी काही मठ्ठ नाही.

पहिल्या दिवशी विल्बेर्त म्हणाला, "ताई, सोड." मी सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून गेले की सोडणार नाही. त्याने चादर दातात धरली. मग नळीने फाटलेल्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ताई, तू तरी." मी सोडलं.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या पायाला हातच लावला नाही. आम्ही रेडिओ ऐकला.

त्रेविन्यो आला, गुडघा पाहिला. "बाई, तुम्ही दाबत नाही."

"दाबते."

"कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोलायला शिकवतात का?"

"तिथेच शिकवतात," मी म्हटलं.

तो हसला नाही. म्हणाला, "दुसरं कुणी आहे का घरात?" मी म्हटलं, गोन्सालो. गोन्सालोने एकदा करून पाहिलं, विल्बेर्त रडला, तर गोन्सालो अंगणात जाऊन ओकला. पगारी बाई ठेवली. दोन दिवसांत विल्बेर्तने तिला असल्या शिव्या दिल्या की ती गेली, आणि तिचं बरोबर होतं. डॉक्टर म्हणतात, पाऊस सुरू होईपर्यंत गुडघे सरळ झाले नाहीत तर पुढे शस्त्रक्रिया, नाहीतर काहीच नाही. एप्रिल निम्मा गेला.

लांदी, आता मी जे लिहिते ते सावकाश वाच.

तू गेलीस त्या दिवशी विल्बेर्त त्या दारात उभा राहून रडत होता. तू बॅग उचललीस, मला म्हणालीस, "वन्सं, तुम्ही याला सांभाळत नाही, तुम्ही याला वापरून संपवताय," आणि त्याच्या अंगावरून गेलीस. त्याने तुझा हात धरला, तू बोटं एकेक करून सोडवलीस. बसमध्ये चढलीस. मागे पाहिलं नाहीस. हे मी गावात सगळ्यांना सांगितलं आहे, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकीने म्हटलंय, काय दगडी काळजाची बाई.

मला तीच बाई हवी आहे.

त्याच्यावर माया करणारं माणूस नको. ते या घरात आहे, आणि त्याचा काय उपयोग झाला ते तू वाचलंस. तो रडत असताना हात न काढणारं कुणीतरी हवं. माझ्या ओळखीत असं एकच माणूस आहे.

नवरा-बायको म्हणून ये असं मी म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही बघा.

आणि एक. तो तुझं नाव काढत नाही असं मी दोनदा लिहिलं. यंत्रावरून उतरवल्यावर, आवाज यायच्या आधी, त्याचे ओठ हलायचे. नर्सने मला विचारलं, "लांदी कोण? तुम्हीच का?" मी म्हटलं, हो.

नेल्दा

—

तिशकोकोब, २३ एप्रिल

लांदी,

"रविवारी येते" एवढी चिठ्ठी मिळाली. आभार वगैरे समोरासमोर मानणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नकोस.

गोन्सालो तुला बसस्टॉपवर घ्यायला येईल. तुला मागची खोली झाडून ठेवली आहे. स्वयंपाक मी करीन, कुणी काय आणि किती खायचं ते तू ठरव. मी टेबलावर बोलणार नाही असा प्रयत्न करीन. त्याच्या खोलीत मी तुझ्या परवानगीशिवाय येणार नाही. हे वाक्य मी चार वेळा खोडून परत लिहिलं आहे.

तो आतून ओरडला आणि मी आत आले तर मला बाहेर काढ. हाताला धरून काढ. मी काय वाटेल ते बोलेन, ते ऐकू नकोस.

नेल्दा

—

तिशकोकोब, २० ऑक्टोबर

लांदी,

तुम्हांला प्रोग्रेसोला जाऊन दोन महिने झाले. तू फोनवर बोलतेस, नीट बोलतेस, शेवटपर्यंत ऐकतेस. तरी हे लिहूनच सांगायला हवं. फोनवर माझा आवाज फिरेल आणि मी दुसरंच काही बोलेन.

त्या उन्हाळ्यात दाराच्या आत काय झालं ते तुला माहीत आहे. बाहेर काय झालं ते नाही. तू दार लावून घेतलंस की मी मागच्या अंगणात धुण्याच्या कुंडीपाशी जायची आणि नळ पूर्ण सोडायची. स्वच्छ चादरी परत धुतल्या मी. तरी ऐकू यायचं. तो तुला "रांडे" म्हणाला ते ऐकलं. तू म्हणालीस, "हो, रांड, आता टाच खाली." आणि एकदा तो म्हणाला, "ताईला बोलव, ती तुला हाकलेल." मी कुंडीचा काठ धरून उभी राहिले. त्या दिवशी तू मला बाहेर काढायची गरज पडली नाही, याचं श्रेय मला कुणी दिलं नाही, म्हणून मीच लिहून ठेवते.

जुलैमध्ये तू मला हाक मारलीस. मी ओल्या हातांनी आले. तो खिडकीपाशी चौकटीला धरून उभा होता. उजवा पाय सरळ. डावा थोडा वाकलेलाच, टाच अधांतरी. त्रेविन्यो मागे हात पसरून, पण न धरता. मला पहिला विचार काय आला सांगू? की हा एवढा उंच होता, हे मी विसरले होते. सहा महिने मी त्याच्याकडे वरून खाली बघत होते. त्याने मान वळवून तुझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. बरोबरच होतं.

डावा गुडघा एवढाच राहणार, डॉक्टरांनी सांगितलं. बुटाला जाड टाच, हातात काठी, थोडा लंगडत. महिनाभर आधी पलंग आला असता तर हेही झालं नसतं. हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, मी विचारलं.

मग विल्बेर्त म्हणाला, तिकडे प्रोग्रेसोच्या समुद्रात पाय चालवायला सोपं जाईल, त्रेविन्योचा एक मित्र तिथल्या केंद्रात आहे, सलूनच्या वर दोन खोल्या आहेत. मी म्हटलं, "जा की. मी काय धरून ठेवलंय?" कपडे मी भरले. माझ्या लक्षात आलं, तुझ्या हाताला हात लागू नये म्हणून मी दाराआड उभी राहून निरोप दिला. ते उद्धटपणाने नव्हतं; हात लागला असता तर मी तो सोडला नसता.

आता मुद्दा.

मागच्या आठवड्यात तू त्याला चार दिवसांसाठी इकडे पाठवलंस. चांगल्या मनाने पाठवलंस. तो काठी टेकत फाटकातून आत आला, दोन्या मिल्द्रेद रडली, मीही. त्याने मला "ताई" म्हटलं आणि वेताच्या खुर्चीत बसला.

त्यानंतर तो उठला नाही, लांदी.

मी त्याला उठू दिलं नाही, असंही लिहिता येईल. पाणी हवं म्हणायच्या आत पाणी. डुकराचं मांस आणि वाल केलं होतं, आपल्याकडे दर सोमवारी असतं ते, त्याला आवडतं तसं. मांस मी तुकडे करून दिलं, आणि त्याने काटा उचललाच नाही, तोंड उघडलं. मी भरवलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. इतकं सुख मला या वर्षात झालं नव्हतं. रात्री पलंग नको म्हणाला, मी झोळी बांधली. तिरपा पडला, पडता येतं त्याला आता, पण झोप लागली की तो मधे घसरतो. मी उठून बघत होते. दिसत होतं. उठवलं नाही. व्यायाम कर असं एकदाही म्हटलं नाही, तो म्हणाला, "राहू दे ताई, सुट्टी आहे," आणि मी म्हटलं, "राहू दे."

चौथ्या दिवशी निघताना त्याला गुडघा सरळ करता येईना. गोन्सालोने आणि मी त्याला उचलून गाडीत बसवलं. तू फोनवर म्हणालीस, प्रवासाने आखडला असेल, दोन दिवसांत सुटला. प्रवासाने नाही. गाडीत तो तासभरसुद्धा नव्हता.

आता मृतांचे दिवस येताहेत. आईबाबांसाठी मी खड्ड्यात पुरून मका-कोंबडीचं पिब भाजीन, दरवर्षीसारखं, आणि तो यायला बघेल. तुला म्हणेल, आईबाबांचा दिवस आहे, ताई एकटी आहे. नाताळात परत म्हणेल. पाय दुखले की म्हणेल. जेव्हा जेव्हा तू त्याला उठवशील तेव्हा तेव्हा त्याला माझी आठवण येईल, आणि तुला वाटेल, किती प्रेमाची बहीण-भावंडं, कशाला अडवू.

पाठवू नकोस.

तू त्याला मला भेटायला आणू नकोस, आणि मीही येणार नाही. आले तर मी त्याचा काटा हातात घेईन. पिब गोन्सालोबरोबर पाठवीन, केळीच्या पानात बांधून, गरमच पोचेल. तुकडे केलेले नसतील.

त्याला हे पत्र दाखवू नकोस. तो हट्ट करील, मला फोन करील. तेव्हा मी रागावलेली असेन. म्हणेन, त्या बाईकडे गेलास ना, आता तिकडेच राहा, माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही. तो आधी हसेल, मग गप्प होईल. तू तेव्हा जवळ असलीस तर त्याचा फोन काढून घेऊ नकोस. त्याला पुरतं ऐकू दे. रागावणं मला चांगलं येतं, लांदी. तो विश्वास ठेवील.

नेल्दा